मनातला सूर आणि यंत्राचा कान

आमच्या कळंब गावी श्रीचिंतामणीचे जे देऊळ आहे, तेथे दर्शनासाठी वर चढून जायचे नसते; पायऱ्या उतरून खाली जायचे असते. खाली कुंड आहे, आणि कुंडाजवळ गणपती. गौतमाच्या शापाने पीडलेल्या इंद्राने येथे गणेशाची आराधना केली, अशी कथा गावातले म्हातारेकोतारे सांगतात. ‘चिंतामणी’ या शब्दाचा अर्थ मी दरवर्षी वर्गात सांगतो : मनात जे चिंतावे ते देणारे रत्न. दरवर्षी एखादा खट्याळ मुलगा विचारतो, ‘सर, मग अभ्यास न करता पास व्हायचं चिंतलं तर?’ वर्ग हसतो. मीही हसतो, आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

गेल्या श्रावणात मात्र हा शब्द मला सोडीना.

माझे थोरले मामा खंजिरी वाजवतात. ‘वाजवतात’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वर्तमानकाळात ठेवले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांवर वाढलेल्या आमच्या मुलुखात खंजिरी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, की चामड्याने मढवलेले आणि कडेला लहान झांजा बसवलेले हे छोटे वाद्य एका हाताने धरायचे आणि दुसऱ्या हाताने बोलते करायचे. मामांचा उजवा हात असा चाले, की गाणाऱ्याचा शब्द चुकला तरी ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नसे. चार वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवे अंग गेले; वाचाही गेली. ते सारे ऐकतात, सारे समजतात. गुरुवारी भजन असले म्हणजे त्यांची बाज ओसरीवर आणून ठेवावी लागते. भजन सुरू झाले की त्यांच्या डाव्या हाताचे एक बोट बाजेच्या लाकडावर हलू लागते. ते ऐकू कोणालाच येत नाही.

माझी मुलगी अमरावतीला कॉलेजात शिकते. सुटीत घरी आली तेव्हा तिने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘बाबा, हे बघा. या बाईला हलता येत नाही, बोलता येत नाही, आणि नुसत्या मनानं ती संगीत वाजवते आहे. आपल्या आजोबांना असं काही मिळालं तर?’

ती फिल्म मी त्या रात्री तीनदा पाहिली. मग मुलीच्या मागे लागून त्याविषयी मिळेल ते वाचून घेतले. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, तेव्हा विज्ञानातला अधिकार मला नाही. परंतु शास्त्राच्या चमत्काराला टाळी देणारे पुष्कळ असतात. तोच चमत्कार संगीत म्हणून कसा उतरला आहे, हे विचारायला सहसा कोणी धजत नाही. एखाद्याला आपण वादक म्हणायचे आणि त्याच्या वादनावर मात्र मत द्यायचे नाही, हा मला त्या वादकाचा अपमान वाटतो. म्हणून हा लेख.

प्रथम, हे घडते कसे? येना येथील जर्मन वैद्य हान्स बर्गर याने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावर पट्ट्या लावून मेंदूतल्या विजेची नोंद पहिल्यांदा घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याची प्रेरणा मोठी गंमतीची होती. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडून मरता मरता वाचला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या त्याच्या बहिणीच्या मनात पाल चुकचुकली, आणि तिने वडिलांकरवी खुशालीची तार पाठवली. एका मनातले दुसऱ्या मनाला कसे कळले, या प्रश्नाने बर्गरला आयुष्यभर पछाडले. मनामनांतली तार त्याला सापडली नाही. सापडल्या त्या मेंदूतल्या विजेच्या लहरी. एका व्होल्टचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या काही मोजक्या भागांइतकी ही वीज असते. माणूस डोळे मिटून शांत बसला, की एका सेकंदात ८ ते १३ हेलकावे घेणारी एक लहर उमटते. तिला अल्फा लहर म्हणतात. डोळे उघडले, मन कामाला लागले, की ती मावळते.

या लहरीवर उभी राहिलेली पहिली प्रसिद्ध संगीतकृती म्हणजे अमेरिकन संगीतकार ॲल्विन लुसिए याची ‘म्यूझिक फॉर सोलो परफॉर्मर’. १९६५ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाच्या रोझ कलासंग्रहालयात ती प्रथम सादर झाली. एडमंड ड्यूअन या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने त्याला या लहरींच्या यंत्रसामग्रीची वाट दाखवली होती. लुसिए श्रोत्यांसमोर एका खुर्चीवर डोळे मिटून बसला, डोक्याला पट्ट्या बांधून. सेकंदाला दहाबारा हेलकावे हे माणसाच्या कानाच्या टप्प्याबाहेरचे आहेत. आपल्याला साधारणतः २० च्या खाली ऐकू येत नाही. म्हणून त्या लहरी पुष्कळ वाढवून ध्वनिक्षेपकांत सोडल्या, आणि ते ध्वनिक्षेपक ढोल, झांजा, घंटा यांना भिडवून ठेवले. लुसिएचे मन शांत झाले की ढोल थरथरू लागत, झांजा कुजबुजू लागत. मन चाळवले की सारे गप्प.

मला ही कल्पना फार मोठी वाटते, आणि तिचे मोठेपण यंत्रात नाही. वादकाने वाजवायचा प्रयत्न केला की वाद्य मुके होते, आणि प्रयत्न सोडला की बोलते, हा जो उलटा न्याय या कृतीत आहे, तो आपल्या साधकांच्या परिचयाचा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने नादाचे दोन प्रकार मानले आहेत : आघाताने निघणारा तो आहत, आणि आघाताशिवाय असलेला, योग्यांनाच लाभणारा तो अनाहत. अनाहत नाद लोकरंजन करू शकत नाही, असेही तो म्हणतो. म्हणून पुढचा सारा ग्रंथ आहत नादाविषयीच आहे. लुसिएने नकळत या सीमारेषेवर खुर्ची टाकली. कोणी न मारलेला ढोल वाजतो आहे, आणि तो ऐकताना सभा स्वतःचा श्वास सांभाळून बसली आहे. या कृतीत सूरताल नसले, तरी एक नाट्य आहे, आणि ते खरे आहे. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लुसिए बोलताना अडखळत असे. त्याची १९६९ ची दुसरी प्रसिद्ध कृती त्या अडखळण्यावरच उभी आहे : एका खोलीत स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे, ते त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित करायचे, आणि शब्द विरघळून खोलीचा घुमारा तेवढा उरेपर्यंत हेच करीत राहायचे. ज्याला जिभेने दगा दिला, त्याने जिभेविना बोलण्याच्या वाटा शोधल्या.

आता आमच्या मुलीने दाखवलेल्या फिल्मकडे वळू. ही कृती ब्राझीलमध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठात काम करणाऱ्या एदुआर्दो मिरांदा या संगीतकाराची. तिचे नाव ‘ॲक्टिव्हेटिंग मेमरी’, म्हणजे स्मृतीला जाग आणणे. लंडनच्या पुटनी भागात मज्जासंस्थेच्या असाध्य दुखण्यांसाठी एक जुने रुग्णालय आहे. तेथील चार रुग्ण आणि चार तंतुवादक यांनी मिळून २०१५ मध्ये ती वाजवली. रुग्णांपैकी एक बाई पूर्वी वेल्समधील एका नामांकित ऑपेराच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत असे. १९८८ मध्ये मोटारीच्या अपघातात तिच्या मेंदूला इजा झाली आणि हातातले व्हायोलिन गेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी ती पुन्हा एका मैफलीत बसली होती.

वर्तमानपत्रांनी लिहिले की तिने केवळ विचाराने संगीत वाजवले. हे तितकेसे बरोबर नाही, आणि नेमके काय घडले ते समजून घेतल्याखेरीज या कृतीचे मूल्यमापन करता येणार नाही. रुग्णासमोर एक पडदा असतो. त्यावर चार चौकटी, आणि प्रत्येक चौकट वेगळ्या गतीने लुकलुकत असते. दृष्टीचे केंद्र मेंदूच्या मागच्या भागात आहे. रुग्ण ज्या चौकटीवर नजर स्थिर करतो, तिच्या लुकलुकण्याची गती त्या भागातल्या विजेत उमटते. डोक्यावरच्या पट्ट्या ती टिपतात, आणि यंत्राला कळते की याने ही चौकट निवडली. प्रत्येक चौकटीमागे संगीतकाराने आधी लिहून ठेवलेली सुरांची एकेक ओळ असते. निवडलेली ओळ रुग्णाच्या जोडीदार वादकापुढे पडद्यावर उमटते, आणि तो वादक ती तेथल्या तेथे वाचून वाजवतो.

म्हणजे, चिंतामणीने मनातले ओळखले असे नव्हे. नजरेने बोट दाखवले, आणि यंत्राने ते बोट पाहिले. जिला बोटही उचलता येत नाही तिच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही, हे मी जाणतो. पण चार ओळींतली एक निवडणे म्हणजे वाजवणे काय?

पाश्चात्य पद्धतीत वाद्यवृंदातला वादक लिहिलेलेच वाजवतो. तेव्हा त्यांच्या दृष्टीने येथे वादकाचे काही गेले नाही. उलट निवडीचा अधिकार वाढला. आपल्याकडे बंदिश दोन ओळींची, आणि पुढचा तास गायकाचा. आपला श्रोता ओळ ऐकायला येत नाही. त्या ओळीचे काय केले ते ऐकायला येतो. माझ्या कानाला या कृतीत पहिली उणीव जाणवली ती येथे. त्या चौघांनी ओळी निवडल्या. ओळीला वळण देण्याची संधी मात्र त्यांना फारशी मिळाली नाही. ज्या बाईच्या बोटांत एके काळी सारे वळणच होते, तिला असे वळण किती हवेसे वाटले असेल!

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घडणीत तीन प्रकारची लय सांगितली : संवादाची, विरोधाची आणि समतोलाची. मर्ढेकर स्वतः आकाशवाणीत नोकरीला होते आणि रेडिओसाठी त्यांनी संगीतिकाही लिहिल्या. तेव्हा संगीताच्या चर्चेत त्यांचे माप वापरणे गैर होऊ नये. चार माणसे एकाच वेळी, एकमेकांना न विचारता, चार निवडी करणार. कोणतीही निवड कोणत्याही निवडीशी जुळावी, असे वाटत असेल तर संगीतकाराला सगळ्या ओळी अशाच रचाव्या लागतात की कोणी कोणाला खुपणार नाही. त्यामुळे या कृतीत संवाद पुष्कळ आहे, आणि विरोध जवळजवळ नाही. आणि विरोध नाही तर समतोल कशाचा साधायचा? जेथे चुकण्याची सोय नाही, तेथे बरोबर येण्याचा आनंदही अर्धाच राहतो. माझ्या वर्गात एखाद्या अधू मुलाला दया म्हणून गुण दिले, तर त्याच्या डोळ्यांत जे दिसते ते मी पाहिले आहे. त्याला ते गुण कळतात, आणि दयाही कळते.

कोणी म्हणेल, काय हा कोरडेपणा! सत्तावीस वर्षे गप्प असलेल्या बाईला सूर मिळाला, आणि हे मास्तर विरोधलय शोधीत बसले आहेत. त्यांना मी आपल्याच घरातली दोन उदाहरणे देतो.

कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणी एका उत्सवात तोंडापाशी उडालेल्या फटाक्याने अधू झाले. (मुलांनो, उद्या फुलबाजी पेटवताना हे ध्यानात ठेवा.) शाळेची वाट बंद झाली म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला गेले. याच माणसाने १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे कागदावर लिहिण्याची स्वतःची स्वरलिपी तयार केली. ज्याची नजर अधू, त्याने डोळ्यांनी वाचायचे गाणे जगाला दिले. दुसरे उदाहरण कुमार गंधर्वांचे. क्षयाच्या दुखण्याने १९४८ मध्ये ते देवासला येऊन राहिले. काही वर्षे गाणे बंद होते, आणि एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. पुन्हा गाऊ लागले ते तुटक, उसळत्या, मध्येच थांबणाऱ्या तानांनी. पहिल्याने ज्यांना ती उणीव वाटली, त्यांनाच पुढे त्या थांबण्यात सौंदर्य दिसू लागले. या दोघांना कोणी सवलत दिली नव्हती. शरीराने जी भिंत उभी केली, तिच्यावरच त्यांनी आपल्या कलेचे माळवद घातले. यंत्राच्या संगीताकडे मी याच अपेक्षेने पाहतो. हात गेलेल्या वादकाची अशी एखादी शैली त्यातून जन्माला येईल काय, जी हात असणाऱ्याला कधीच सुचली नसती? आल्यास मी पहिल्या रांगेत बसून दाद देईन. आजवर ऐकले त्यात मला ती सापडली नाही.

दूर लंडनला कशाला जा? आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केले. तेथे डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. अंध, अपंग आणि कुष्ठमुक्त कलावंत त्यात गातात, वाजवतात, नाचतात. त्यांच्याजवळ मेंदूच्या लहरी टिपणारे यंत्र नाही. आहेत ती तुमच्या आमच्या ऑर्केस्ट्रातली वाद्ये आणि सिनेमाची गाणी. तेथे गाणारा बेसूर झाला तर ते सभेला कळते. म्हणूनच तो सुरात असतो तेव्हा मिळालेली टाळी त्याची स्वतःची असते. ‘अपंग असून किती छान!’ या वाक्यातला ‘असून’ गळून पडेपर्यंत गायचे, ही तेथली ईर्ष्या मला मिरांदाच्या चार चौकटींपेक्षा संगीताच्या अधिक जवळची वाटते.

सोय आणि कला यांची गल्लत मात्र होऊ देता कामा नये. लुई ब्रेलने १८२९ मध्ये आपल्या ठिपक्यांच्या लिपीचे पहिले पुस्तक काढले, तेव्हा त्यात अक्षरांबरोबर संगीत लिहिण्याचीही रीत दिली होती. तो स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. ही सोय झाली, आणि तिच्यामुळे किती अंध वादक तयार झाले असतील! आपल्या सरकारनेही मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी नियमावली काढली : ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी दृश्यांचे वर्णन कानावर यावे, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्यावर अक्षरे यावीत. हे चांगलेच झाले. पण मला आठवते ती माझ्या लहानपणी आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ऐकलेली नभोनाट्ये. आमच्या आळीत एक आंधळी आजी होती. दाराची कडी, विहिरीचा रहाट, दूर जाणारी बैलगाडी एवढ्यावर अख्खे घर, अख्खा वाडा तिच्यापुढे उभा राही, आणि तो आमच्यापुढे उभा राही त्याहून तसूभरही कमी नसे. तिच्यासाठी वेगळे वर्णन कोणी करीत नव्हते. ध्वनीची योजना करणाऱ्याने काम पुरते केले असले, की आंधळा आणि डोळस एकाच रांगेत बसतात. आजच्या मराठी चित्रपटात पार्श्वसंगीत इतके भरलेले असते, की कडी वाजली तरी ऐकू येत नाही. आणि मग वर्णनाची वेगळी पट्टी जोडावी लागते. ही उणीव अंधांची नव्हे, आपल्या ध्वनियोजनेची आहे.

यंत्राचा कान इकडे अधिकाधिक तिखट होत चालला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. फेपऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूवरच तारा बसवल्या होत्या अशा २९ रुग्णांना त्यांनी पिंक फ्लॉइड या इंग्रजी वाद्यवृंदाचे एक गाणे ऐकवले होते, आणि मेंदूतल्या विजेच्या नोंदींवरून संगणकाकडून ते गाणे पुन्हा घडवून घेतले. पाण्याखालून यावे तसे ते गाणे ऐकू येते, पण ओळखू येते. ज्यांची वाचा गेली आहे त्यांना केवळ शब्द नव्हे, तर बोलण्यातला चढउतारही पुढेमागे परत मिळावा, हा त्यामागचा हेतू आहे, आणि तो थोर आहे. मामांच्या बाजेशेजारी बसणारा मी त्याला वाईट कसे म्हणू? तरीही एक शंका मनात येते. माणूस मनातल्या मनात गुणगुणतो ही त्याची अखेरची एकांताची खोली आहे. नोकरीत, संसारात, रांगेत उभे असताना आपण तेथेच जाऊन बसतो. त्या खोलीला खिडकी पाडायची असेल, तर तिची कडी आतून असली पाहिजे.

कडी आतून नसली म्हणजे काय होते, याचेही एक उदाहरण झाले आहे. लुसिए २०२१ मध्ये वारला. मृत्यूपूर्वी त्याने स्वतःच्या संमतीने आपले रक्त काही कलावंतांना आणि शास्त्रज्ञांना दिले होते. त्यातल्या पेशींपासून मेंदूसारखे बारीक गोळे प्रयोगशाळेत वाढवण्यात आले, आणि २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थच्या कलादालनात त्या गोळ्यांतल्या विजेने पितळेचे पत्रे वाजवले. दुरून पाहता ही लुसिएच्या १९६५ च्या कृतीचीच पुढची पायरी वाटते. मला ती पायरी वाटत नाही. तो कडेलोट वाटतो. १९६५ मध्ये खुर्चीवर बसलेला माणूस मन शांत करण्याची खटपट करीत होता, आणि ती साधेल की नाही या धास्तीत सभा होती. पर्थमध्ये कोणाची खटपट नाही, म्हणून कोणाची धास्ती नाही. शार्ङ्गदेव सांगतो, की बोलण्याची इच्छा आत्म्याला होते, आत्मा मनाला हलवतो, मन देहातल्या अग्नीला, अग्नी वायूला, आणि मग नाभीपासून चढत चढत नाद मुखाशी येतो. यंत्राने यातले अग्नी-वायू गाळले तर गाळू द्यावेत. ते काम वीज करील. पण साखळीची पहिली कडी, ती इच्छा, तीच गाळली तर उरतो तो केवळ पत्र्याचा आवाज.

आणि येथे मला मिरांदाच्या कृतीकडे परत यावेसे वाटले. मी तिच्या उणिवा सांगितल्या, त्या मी मागे घेत नाही. आणखी एक सांगतो : नजर स्थिरावून यंत्राला निवड कळेपर्यंत काही क्षण जातात. संथ सुरावटीत ते चालून जाते. तालवाद्याला चालत नाही. समेवर पडायची थाप क्षणभर उशिरा पडली, तर तिला थाप म्हणत नाहीत, घोटाळा म्हणतात. तेव्हा आमच्या मामांच्या कामाचे हे यंत्र नाही, असे मी मुलीला सांगितले. ती हिरमुसली. मग म्हणाली, ‘बाबा, तुम्ही यंत्राकडेच बघताय. त्या शेजारच्या वादकांकडे बघा ना.’

मी चौथ्यांदा ती फिल्म पाहिली. आणि मला दिसले, की चारही तंतुवादक गज रोखून थांबले आहेत. पुढे काय वाजवायचे हे त्यांना ठाऊक नाही. ज्यांच्याकडे पाहून लोक नजर चुकवतात, त्यांच्या निवडीची हे चार जाणते कलावंत वाट पाहत आहेत, आणि ती आल्याखेरीज त्यांना एक सूरही काढता येत नाही. मी सुरांत शोधत होतो ती ताणाची, विरोधाची जागा या थांबण्यात होती. या कृतीचे खरे सौंदर्य साथसंगतीचे आहे. ते समजायला मला एका कॉलेजातल्या मुलीचे बोट लागले.

त्यानंतरच्या गुरुवारी मुलीने आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलाला मामांच्या बाजेशेजारी बसवले. हा मुलगा खंजिरी शिकतो आहे. हाताला गोडवा आहे, पण धीर नाही. तिने त्याला एवढेच सांगितले, ‘आजोबांच्या बोटाकडे बघायचं. ते सांगतील तसं वाजवायचं.’ पहिले भजन फसले. मुलगा बोट पाहायचे विसरून पुढे धावला. मामांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या भजनात तो पुन्हा धावला, तेव्हा मामांनी डावा हात कसाबसा उचलून त्याच्या गुडघ्यावर आपटला. पोरगा दचकला, ओसरीवरची मंडळी हसली. चार वर्षांत मामांना कोणावर रागावलेले आम्ही पाहिले नव्हते. त्यांची बाज उचलून ठेवायची, त्यांना भरवायचे, त्यांच्याशी मोठ्याने आणि सोपे बोलायचे एवढेच आम्ही केले होते. चुकला म्हणून ओरडावे, असे कोणी माणूस आम्ही त्यांच्यापुढे बसवलेच नव्हते.

तिसऱ्या भजनात पोरगा बोटाकडे पाहू लागला. बोट थांबले की हात थांबे. बोट लाकडावर दोनदा पडले की दुगुण सुरू होई. मध्ये एके ठिकाणी बोट अधांतरी राहिले. गाणारे पुढे गेले, टाळ पुढे गेले, आणि खंजिरी मात्र हवेत थांबलेली. मग ते बोट खाली आले, आणि समेवर थाप पडली. गाणाऱ्या बुवांनी चमकून मागे पाहिले. त्यांनी पोराकडे पाहिले नाही. मामांकडे पाहून मान हलवली.

लंडनच्या यंत्राला मी मोडीत काढत नाही. ज्याचे बोटही हलत नाही, त्याला ते हवेच, आणि उद्या ते स्वस्त होऊन यवतमाळच्या दवाखान्यातही यावे, असे मी चिंतामणीपुढे मागेन. त्याबरोबर त्या चौकटीसमोर थांबून राहणारा एक वादकही मागेन, कारण तो यंत्राबरोबर पेटीतून येत नाही. आमचा सातवीतला पोरगा हल्ली दर गुरुवारी येतो. मामा अजून त्याच्यावर खूश नाहीत.